सेन्स हॅट लावलीय, पण आकडा पटत नाही: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका गॅरेजात महिन्यातून एका रविवारी आम्ही काहीजण जमतो. सोल्डरिंग, चहा आणि गप्पा, बहुधा उलट्या क्रमाने. रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’ म्हणेन). त्यावर सेन्स हॅट नावाचा सेन्सर बोर्ड लावून येणारी मंडळी हल्ली बरीच वाढली आहेत. त्यात कॉलेजची पोरं असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले असतात, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार असतात. प्रश्न मात्र तेच ते. व्हॉट्सअॅपवर तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय.

आधीच सांगतो, ‘बोर्ड खराब आहे’ म्हणून आलेले बहुतेक बोर्ड धडधाकट निघतात. बोर्ड जिथे बसलाय तिथलं खरं सांगत असतो. आपण त्याला भलत्याच जागेबद्दल विचारत असतो.

सेन्स हॅट म्हणजे नक्की काय? त्यात काय काय येतं?

रास्पबेरी पायच्या डोक्यावर बसणारा एक बोर्ड, म्हणून ‘हॅट’. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारे सेन्सर त्यावर आहेत. त्याशिवाय प्रवेगमापी, जायरोस्कोप (फिरणं मोजणारा) आणि चुंबकमापी (म्हणजेच होकायंत्र) असं त्रिकूट एकाच चिपमध्ये आहे. वर आठ बाय आठ म्हणजे ६४ रंगीत एलईडींची चौकट, आणि कोपऱ्यात करंगळीच्या टोकाएवढी जॉयस्टिक. दुसऱ्या आवृत्तीत रंग आणि उजेड ओळखणारा सेन्सरही आला.

हा बोर्ड मुळात अंतराळासाठी बनला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, त्या मोहिमेसाठी असे बोर्ड लावलेले दोन पाय वर पाठवले होते. शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांच्यावर चालवले गेले. म्हणूनच बोर्डावर होकायंत्र आणि जायरोस्कोप आहेत. निव्वळ हवामानासाठी कोणी बनवला असता तर त्यांची गरज पडली नसती.

माझा पाय जुना आहे. चालेल?

४० पिनांची रांग असलेला कुठलाही चालेल, म्हणजे २०१४ च्या बी प्लसपासून पुढचे सगळे. त्याआधीच्या २६ पिनांच्या पायवर नाही. पाय झीरो घेतलात तर त्यावर बहुधा पिना नसतात, त्या सोल्डर कराव्या लागतात. पाय ४०० मध्ये पिना कीबोर्डच्या मागच्या बाजूला असल्यामुळे तिथे पट्टीसारखी रिबन केबल लावणं बरं. ती केबल इतरांनीही घ्यावी असं माझं मत आहे. कारण खाली तापमानाच्या प्रश्नात येईल.

बसवताना काय सांभाळायचं?

वीज बंद. आधी पायची वीज बंद, मग हात. हे मी स्वतः पाळलं नव्हतं.

माझा पहिला बोर्ड लावला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, चष्मा दुसऱ्या खोलीत होता आणि पाय चालूच होता. बोर्ड पिनांवर टेकवला तो एक रांग सरकून. टिचकी वाजवल्यासारखा आवाज आला आणि जळलेल्या बेकेलाइटचा वास. पाय वाचला, बोर्ड गेला. आईने दारातून डोकावून विचारलं, “काय रे, दिवाळी आताच?” त्या रात्रीनंतर मी बोर्डासोबत आलेले चारही स्पेसर आधी पायवर स्क्रूने बसवतो आणि मगच बोर्ड वरून सोडतो. स्पेसर असले की रांग चुकायला जागाच राहत नाही. लोक ते डब्यात ठेवून देतात, तसं करू नका.

चार्जरही साधा मोबाइलचा नको. पाय ४ ला पाच व्होल्टचा तीन अँपियरचा लागतो, पाय ५ साठी कंपनी पाच अँपियरचा सुचवते. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली की समजायचं, व्होल्टेज कमी पडतंय. सगळे एलईडी पांढरे पेटवल्यावर पाय रीस्टार्ट होत असेल तरी आधी चार्जर आणि केबल बदलून बघा.

चालू केल्यावर एलईडीवर इंद्रधनुष्य दिसतं आणि ते जातच नाही.

वीज मिळाल्यावर इंद्रधनुष्य दिसणं बरोबरच आहे. पायची सिस्टिम सुरू होऊन बोर्डाला ओळखते तेव्हा ते विझतं. विझत नसेल तर पायला बोर्ड दिसलेला नाही. सहापैकी पाच वेळा, निदान आमच्या गॅरेजात, बोर्ड पिनांवर पूर्ण दाबला गेलेला नसतो. वीज बंद करा, दोन्ही बाजूंनी सारखं दाबा, पुन्हा चालू करा.

तरीही तसंच असेल तर आय-टू-सी (पाय आणि बोर्डावरच्या चिपा ज्या तारांवरून बोलतात ती पद्धत) चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. बोर्डावर स्वतःची ओळख सांगणारी एक छोटी मेमरी चिप असते. ती वाचता येत नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये सेन्स हॅटचा ओव्हरले (म्हणजे ‘हा बोर्ड लावलाय’ असं पायला सांगणारी ओळ) हाताने लिहून सुरू करता येतो. आय-टू-सीवरचे पत्ते दाखवणारी कमांड चालवली की दाबाचा सेन्सर ‘५सी’वर आणि आर्द्रतेचा ‘५एफ’वर दिसायला हवा. ‘४६’च्या जागी ‘यूयू’ दिसलं म्हणून घाबरू नका. तो पत्ता एलईडी आणि जॉयस्टिकचा आहे, ड्रायव्हरने तो आधीच ताब्यात घेतलाय एवढाच त्याचा अर्थ.

बोर्ड अजून घेतला नाही. आधी शिकता येईल का?

येईल. सेन्स हॅटचा एम्युलेटर मिळतो. स्क्रीनवर नकली बोर्ड, आणि तापमान-दाब बदलायला सरकपट्ट्या. पायथॉनचा तोच प्रोग्रॅम नंतर खऱ्या बोर्डावर चालतो, फक्त वरच्या ओळीतलं लायब्ररीचं नाव बदलावं लागतं.

डिसेंबरात खोलीत हुडहुडी भरलीय आणि बोर्ड म्हणतो ३४ अंश. असं कसं?

हा प्रश्न पहिल्या नंबरचा.

बोर्डाच्या खाली बोटभर अंतरावर पायचा प्रोसेसर आहे. तो काम करताना ५०-६० अंशांपर्यंत सहज तापतो, आणि गरम हवा वर जाते. वर कोण बसलंय? सेन्सर. म्हणजे चुलीवर तवा, तव्यावर थर्मामीटर, आणि आपण विचारतोय स्वयंपाकघरात किती गार आहे. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याच्या अंगाला जे लागतं ते सांगतो.

उपाय तीन आहेत. माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला, बोर्ड पायपासून दूर न्या. हातभर लांबीची ४० तारांची रिबन केबल घ्या आणि बोर्ड पायच्या शेजारी उभा करा, पायच्या वर नाही. उभा ठेवला की त्याची स्वतःची थोडी उष्णताही वर निघून जाते. एलईडी बंद ठेवा, तेही तापतात. एवढ्याने बरीचशी चूक जाते. फार लांब केबल मात्र नको. आय-टू-सी हे एकाच बोर्डावरच्या चिपांनी एकमेकांशी बोलायला काढलेलं आहे. तार लांबली की आकडे अडखळायला लागतात.

दुसरा, हिशेब. प्रोसेसरचं तापमान पाय स्वतःच सांगतो. खरं तापमान म्हणजे बोर्डाचं तापमान वजा एक तुकडा. प्रोसेसर आणि बोर्ड यांच्या तापमानातला फरक एका गुणकाने भागला की तो तुकडा मिळतो. गुणक मात्र कुणाचा उचलू नका, स्वतःचा काढा. माझ्या टेबलावर एकदा बोर्ड ३६.५ दाखवत होता, प्रोसेसर ५५ होता आणि शेजारी टांगलेला साधा थर्मामीटर २७. म्हणजे काढायचे होते ९.५ अंश, आणि प्रोसेसर-बोर्ड फरक होता १८.५. भागाकार आला साधारण १.९५. हाच माझा गुणक. दुसऱ्या दिवशी बोर्ड ३३ आणि प्रोसेसर ५० असताना हिशेबाने २४.३ आलं, थर्मामीटर २४ वर होता. मला पुरेसं आहे.

पण त्याच पायला प्लॅस्टिकच्या डबीत घातलं आणि गुणक बाद झाला. पंखा लावलात, केस बदलली, खिडकीजवळ ठेवलात, तर पुन्हा काढावा लागतो. प्रोसेसरने अचानक जोर लावला (कुणी यूट्यूब सुरू केलं, बस) तरी पाच-दहा मिनिटं हिशेब हुकतो. कारण प्रोसेसर लगेच तापतो आणि बोर्ड सावकाश.

तिसरा उपाय, सरळ वेगळा सेन्सर तारेवर लटकवणं. ते कधी करायचं ते द्राक्षांच्या प्रश्नात बघू.

जाता जाता आणखी एक. या बोर्डावर तापमान दोन ठिकाणी मोजलं जातं, आर्द्रतेच्या चिपमध्ये आणि दाबाच्या चिपमध्ये. दोघांत अंश-दोन अंशांचा फरक असतो. नुसतं तापमान मागितलं की आर्द्रतेच्या चिपचं मिळतं.

श्रावणात भिंतींना ओल, पापड मऊ, आणि बोर्ड म्हणतो आर्द्रता ५१ टक्के. याला काय म्हणायचं?

याला वरच्याच प्रश्नाचं शेपूट म्हणायचं. आपण जिला आर्द्रता म्हणतो ती सापेक्ष असते, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते त्याच्या किती टक्के आहे ते. हवा गरम केली की मावण्याची जागा वाढते, वाफ तेवढीच राहते, टक्के घसरतात.

हिशेब करून बघा. खोली २६ अंशांवर, खरी आर्द्रता ९० टक्के. २६ अंशांना हवेत वाफेचा दाब जास्तीत जास्त ३३.६ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) असू शकतो, त्याचे ९० टक्के म्हणजे ३०.२. आता तीच हवा बोर्डाजवळ ३६ अंशांची झाली. तिथे कमाल ५९.४. ३०.२ भागिले ५९.४ म्हणजे जेमतेम ५१ टक्के. बोर्डाने अगदी बरोबर सांगितलं, त्याच्या अंगाशी असलेल्या हवेचं.

हाच हिशेब उलटा केला की खोलीची आर्द्रता मिळते. बोर्डाचे टक्के गुणिले बोर्डाच्या तापमानाचा कमाल दाब, भागिले खोलीच्या खऱ्या तापमानाचा कमाल दाब. म्हणजे खरं तापमान हातात नसेल तर आर्द्रताही हातात येत नाही. उलट, पावसाळ्यात केबलवर बाहेर काढलेला बोर्ड कधीकधी १०० च्या वरही आकडा देतो. तो १०० समजायचा आणि पुढे जायचं.

आर्द्रतेचा सेन्सर बरोबर आहे का, हे घरी तपासता येतं?

येतं, आणि ते मिठाने. मिठाचं संपृक्त द्रावण बंद डब्यात ठेवलं की डब्यातली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. खोलीचं तापमान थोडं वरखाली झालं तरी हा आकडा फारसा हलत नाही.

मी करतो ते असं. स्टीलच्या डब्यात वाटी ठेवायची, वाटीत चार चमचे मीठ आणि ते भिजून ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी. मीठ विरघळून गेलं तर पाणी जास्त झालं, खडे दिसत राहिले पाहिजेत. बोर्ड डब्याच्या झाकणाला आतून टांगायचा, मिठाला टेकता कामा नये. पाय डब्याबाहेर आणि मधे रिबन केबल. केबलमुळे झाकणाला जी फट राहते ती कणकेने लिंपायची. हो, पोळ्यांच्या कणकेने. टेप सुटते, कणीक सुटत नाही. एलईडी बंद ठेवून चार-पाच तास तसंच सोडायचं, रात्रभर ठेवलं तर उत्तम. सकाळी ७५ च्या ऐवजी ७० दाखवत असेल, तर मधल्या टप्प्यात पाच मिळवत चला.

बोर्ड पायवर बसवूनच अख्खा डब्यात घालू नका. आत हीटर ठेवल्यासारखं होईल.

हवामानाचं अॅप दाब १०१० सांगतं, माझा बोर्ड ९४०. बदलून घेऊ?

नको, बोर्ड एकदम ठीक आहे. किंबहुना नाशिकमध्ये त्याने १०१० दाखवला असता तर मला काळजी वाटली असती.

अॅपमधला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो, म्हणजे मुंबईचा आणि नाशिकचा दाब एका पातळीवर ठेवून तुलना करता येते. बोर्ड मात्र तुमच्या टेबलाजवळचा दाब मोजतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. कसारा घाट चढून आलोय आपण, तेवढी हवा खाली राहिली. ६०० मीटरला समुद्रसपाटीच्या सुमारे ०.९३१ पट दाब असतो. १०१० गुणिले ०.९३१ म्हणजे ९४०. जुळलं की नाही?

तुमचा बोर्ड समुद्रसपाटीच्या भाषेत बोलायला हवा असेल तर त्याच्या आकड्याला ०.९३१ ने भागा. पण तुमचं घर नेमकं किती उंचीवर आहे ते बघून. आपल्या उंचीवर नऊ मीटरला जवळपास एक हेक्टोपास्कल पडतो, त्यामुळे मोबाइलच्या जीपीएसने वीस मीटरचा घोळ घातला तर उत्तरात दोनाचा घोळ येतो.

रोज दुपारी चारच्या सुमाराला दाब उतरतो. पाऊस येणार असं समजू का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी त्या रविवारी जास्तीचा चहा पाजला. तिने आठवडाभर दर दहा मिनिटांनी नोंद करून आलेख काढला होता आणि त्यात रोज दोन उंचवटे, दोन खळगे. सकाळी दहाला वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला वर, पहाटे चारला खाली.

ही वातावरणाची भरती-ओहोटी आहे. समुद्राची मुख्यतः चंद्रामुळे होते, ही मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे. वरच्या थरांतला ओझोन आणि खालची वाफ सूर्यप्रकाश शोषतात, अख्खं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात हे चांगलं ठळक दिसतं, दिवसाला तीनेक हेक्टोपास्कलपर्यंत. युरोपातल्या लोकांच्या आलेखात येणारी-जाणारी वादळं ते झाकून टाकतात. त्यामुळे तिकडच्या पुस्तकांतला ‘दाब पडला की छत्री घ्या’ हा नियम इथे जसाच्या तसा लावला तर रोज दुपारी छत्री न्यावी लागेल.

पावसाचा अंदाज हवा असेल तर आत्ताच्या दाबाची तुलना कालच्या याच वेळेच्या दाबाशी करा. चारची चारशी, दहाची दहाशी.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर दाब शून्य येतो.

पहिलं रीडिंग बरेचदा शून्य येतं. ते टाकून द्या, सेकंदभर थांबून पुन्हा वाचा.

या बोर्डाने डोंगराची उंची मोजता येते का?

येते, आणि बोर्डाचा हा सगळ्यात मजेचा उपयोग आहे. पाय, पॉवर बँक आणि बोर्ड सॅकमध्ये टाका आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी पहिली नोंद घ्या. मग पायऱ्या चढा, लेण्यांपाशी दुसरी. दाब जितके हेक्टोपास्कल पडला त्याला नऊने गुणा, मीटरमध्ये चढ मिळेल. उतरल्यावर पायथ्याशी तिसरी नोंद नक्की घ्या. मधल्या वेळात वरच्या प्रश्नातली भरती-ओहोटी चालूच असते. पहिली आणि तिसरी यांचा मध्य काढला की तो घोळ बराचसा निघतो. सकाळी दहाच्या आसपास गेलात तर आलेख माथ्यावर सपाट असतो, त्रास आणखी कमी.

बोर्डाच्या दाबाची खालची मर्यादा २६० हेक्टोपास्कल आहे. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर सुमारे ८३० असतो. त्यामुळे सह्याद्रीत बोर्डाची काळजी नको, गुडघ्यांची करा.

होकायंत्र दर वेळी वेगळीच उत्तर दिशा दाखवतं.

टेबल कशाचं आहे? सातपूरच्या एका मित्राने आठवडाभर डोकं खाजवलं आणि मग कळलं की वर्कबेंच लोखंडी आहे, शिवाय स्क्रू चिकटवायला त्याच्या कडेला चुंबकपट्टी. लाकडी स्टुलावर, स्पीकर-मोटरपासून लांब ठेवा आणि बोर्डासोबतच्या सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन करा. बोर्ड सगळ्या दिशांना फिरवायचा असतो, आरती ओवाळल्यासारखा पण तिन्ही अक्षांभोवती. कॅलिब्रेशन ज्या केसमध्ये आणि ज्या केबलसकट केलं तशाच मांडणीला लागू पडतं.

एलईडीला दिलेला रंग परत वाचला तर वेगळा आकडा येतो. आणि उजेड डोळ्यांत खुपतो.

रंगासाठी आपण ० ते २५५ देतो, पण आत लालला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५ एवढीच जागा आहे. शेवटचे बिट गळून पडतात, म्हणून २५५ चं २४८ किंवा २५२ होतं. डोळ्यांना फरक कळत नाही. खुपणाऱ्या उजेडासाठी ‘लो लाइट’ मोड आहे, रात्री तो चालूच ठेवा.

“भाऊ, हा बोर्ड बागेत लावला तर डावणी कधी येणार ते सांगेल का?”

गोडी छाटणीनंतरच्या (द्राक्षाची फळांसाठीची छाटणी) एका रविवारी दिंडोरीकडचे एक बागायतदार अगदी असंच विचारत आले होते. माझं उत्तर, “दादा, नाही सांगणार.” त्यांचा चेहरा पडला, म्हणून जरा सविस्तर बोललो.

डावणी (केवडा) आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग. डावणीला पानावर पाणी लागतं. पान किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी तापमान काय होतं, यावर सगळा खेळ. भुरीची गोष्ट वेगळी, तिला पानावर पाणी साचावं लागत नाही, दमट ढगाळ हवा पुरते. पानाचा ओलावा मोजायला वेगळा सेन्सर असतो, तो सेन्स हॅटवर नाही. शिवाय हा बोर्ड उघडा आहे. दव, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचा फवारा, मुंग्या, यांतलं काहीच त्याला सोसत नाही. बोर्डोत मोरचूद असतं, त्याचे शिंतोडे उडाले तर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढायला फार दिवस लागत नाहीत.

बागेत करायचंच तर असं करा. पाय आणि बोर्ड शेडमध्ये. बागेत फक्त एक छोटा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. अंतर जास्त असेल तर आरएस-४८५वाला घ्या, तो लांब तारेवर चालतो. त्याला ऊन-पावसापासून आडोसा हवा, पण वारा लागला पाहिजे. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा सहा-सात घ्या, मधल्यांना भोक पाडा, उपड्या करून बोटभर अंतराने लांब स्क्रूवर ओवा आणि मधल्या पोकळीत सेन्सर बसवा. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर टांगा, हवामानखात्यांची उंची तीच. पत्र्याखाली किंवा भिंतीला टेकवून नको.

थंडीसाठी मात्र याचा खरा उपयोग आहे. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण तुमच्या बागेतल्या खोलगट कोपऱ्यात काय होतं ते बातमीत नसतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली साचते. एकाच बागेत वरच्या आणि खालच्या ओळीत फरक पडतो. खालच्या टोकाला एक सेन्सर, सहा अंशांना मोबाइलवर घंटा, आणि मग पहाटे उठून शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सुरू करायचं ते तुम्ही ठरवा. मणी तडकण्याची आणि पिंक बेरीची (मणी गुलाबी पडण्याची) भीती ज्याला आहे त्याला ही घंटा झोपेपेक्षा प्यारी. ते दादा नंतर दोन सेन्सर लावून गेले, एक वर आणि एक खाली. फवारणीचं वेळापत्रक मात्र त्यांनी अजून या आकड्यांवर टाकलेलं नाही, आणि टाकू नये.

वीज गेली की नोंदी बिघडतात. कधी तारीख चुकते, कधी कार्डच मरतं.

दोन वेगळे आजार आहेत.

तारीख: पाय ४ पर्यंतच्या कुठल्याच पायमध्ये स्वतःचं घड्याळ चालू ठेवणारी सोय नाही. इंटरनेट मिळालं की तो वेळ विचारून घेतो. वाडीवर नेट नसेल तर वीज आल्यावर तो जिथे थांबला होता साधारण तिथूनच पुढे मोजायला लागतो. मग आलेखात थंडीची लाट दुपारी दोनला दिसते. डीएस३२३१ नावाचं नाणेसेलवर चालणारं घड्याळ मिळतं, त्याच आय-टू-सी तारांवर लागतं आणि सेन्स हॅटशी भांडत नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो.

कार्ड: लिहीत असताना वीज गेली की एसडी कार्ड बिघडू शकतं. नोंद दर सेकंदाला कशाला? हवा इतक्या लवकर बदलत नाही, दहा मिनिटांना एक पुरे. छोटा यूपीएस लावा. जॉयस्टिक तीन सेकंद दाबली की पाय नीट बंद होईल असा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणीही, अगदी प्लग उपटायची सवय असलेलंही, तो व्यवस्थित बंद करू शकेल. कांदा चाळीत नोंदी ठेवणाऱ्यांनी तर हे करावंच. पाच महिन्यांची साठवण आणि तिसऱ्या महिन्यात कार्ड मेलं, तर कांदा का सडला हे कळायचा मार्ग राहत नाही.

घ्यायची कुठून?

रिबन केबल, स्पेसर, नाणेसेल असं सुटं सामान एमजी रोडच्या बाजूला शोधलं की मिळतं. खुद्द बोर्ड बहुतेकजण ऑनलाइन मागवतात. मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोड आहेच. पाकीट उघडताना चारही स्पेसर आणि स्क्रू मोजून घ्या, दुकानदारासमोर.

फक्त तापमान-आर्द्रता हवी असेल तरी सेन्स हॅटच घेऊ?

नको. त्या पैशांत ईएसपी३२ (वायफाय असलेला एक छोटा, स्वस्त कंट्रोलर बोर्ड) आणि दोन-तीन चांगले सुटे सेन्सर येतील. वीजही नावाला खातात, आणि आपल्याला चटका बसेल इतके तापत तर नाहीतच.

सेन्स हॅट घ्यावी ती शिकायला. एका पायवर, एकही तार न जोडता, सात-आठ प्रयोग होतात. माझ्या भाचीने पहिल्या दिवशी त्यावर पतंग काढला. बोर्ड ज्या बाजूला झुकेल तिकडे पतंग सरकतो, जॉयस्टिक दाबली की कटतो. तिला तापमानाचा आकडा किती चुकतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “मामा, हा मला ३५ का दाखवतो? मला तर स्वेटर लागतोय.” मी तिला थर्मामीटर आणि वही दिली.

पुढच्या रविवारी येताना तुमचा बोर्ड, केबल आणि एक साधा थर्मामीटर घेऊन या. कणीक आमच्याकडे आहे.